भूक आणि मन : एका चुलीवरच्या दोघी जावा



बचत गटाच्या बैठकीत हिशेब झाला, वहीवर सह्या झाल्या की खऱ्या गप्पा सुरू होतात. कुणाची सून, कुणाचं बाळंतपण, कुणाची गुडघेदुखी. अलीकडे त्यात एका विषयाची भर पडली आहे, तो म्हणजे वजन. कुणी गरम पाण्यातून घ्यायची पावडर आणतं, कुणाच्या मोबाइलवर ‘महिन्यात दहा किलो’चा व्हिडिओ असतो, आणि हल्ली आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचीही चौकशी होते. किती पैसे पडतात, किती दिवस घ्यायचं, पथ्य काय, हे सगळं विचारलं जातं. एक प्रश्न मात्र आम्ही क्वचितच ऐकला आहे : हे घेतल्यावर मनाचं काय होतं?

प्रश्न विचित्र वाटेल. वजन पोटाचं, कमरेचं. त्यात मन कुठून आलं? म्हणून आज आम्ही तुम्हाला गेल्या नव्वद वर्षांतला थोडा इतिहास सांगणार आहोत. तो बराचसा अमेरिका-युरोपात घडला. पण त्यात एक आपले भारतीय डॉक्टर आहेत, एक संस्कृत शब्द आहे, आणि शेवटी तो आपल्या तालुक्याच्या औषध दुकानापर्यंत येतो.

खरं तर आपल्या बोलण्यात ही गोष्ट आधीपासून आहे. घरात दुःख घडलं की आपण म्हणतो, ‘अन्नावरची वासनाच उडाली.’ काळजीत असलो की घास घशाखाली उतरत नाही. पोरगा पास झाला की आधी तोंड गोड करतो. भूक आणि मन यांचं काहीतरी नातं आहे हे आपल्या आज्या-पणज्यांना कुणी शिकवलं नव्हतं. विज्ञानाला मात्र त्या नात्याची जागा शोधायला बराच वेळ लागला.

आपल्या मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग आहे. त्याला हायपोथॅलॅमस म्हणतात. १९४० मध्ये शिकागोच्या हेदरिंग्टन आणि रॅन्सन या दोन शास्त्रज्ञांनी उंदरांच्या या भागातला एक ठिपका नष्ट केला, तेव्हा ते उंदीर फुगत गेले. पुढे १९५१ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात बाळ कृष्ण आनंद या भारतीय डॉक्टरांनी जॉन ब्रॉबेक यांच्याबरोबर त्याच भागाच्या बाजूची दुसरी जागा शोधली. ती नष्ट केली की उंदीर खाणंच सोडून देत. समोर अन्न असूनही ते उपाशी राहत. तिला ‘भुकेचं केंद्र’ असं नाव पडलं. हेच डॉ. आनंद पुढे भारतात परतले आणि दिल्लीच्या एम्समध्ये त्यांनी शरीरक्रियाशास्त्राचा विभाग उभा केला.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५४ मध्ये, कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात ऑल्ड्स आणि मिल्नर या दोघांनी वेगळाच प्रयोग केला. त्यांनी उंदराच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि पिंजऱ्यात एक दांडा ठेवला. दांडा दाबला की मेंदूच्या त्या जागी विजेचा अगदी हलका स्पर्श होई. उंदराला तो इतका आवडला की तो तासाला शेकडो वेळा दांडा दाबत राहिला. आनंदाची, समाधानाची जागा मेंदूत असते हे त्यातून कळलं.

आता गंमत बघा. १९६२ मध्ये शास्त्रज्ञांनी या दोन्ही शोधांची सांगड घातली, तेव्हा आनंद यांच्या भुकेच्या केंद्रातच ‘दांडा दाबायला लावणारी’ जागाही सापडली. त्याच जागी वीज दिली की पोट भरलेला उंदीर खायला लागे, आणि त्याच विजेसाठी तो दांडाही दाबत राही. आपल्या भाषेत सांगायचं तर भूक आणि आनंद या एका घरातल्या दोघी जावा आहेत. स्वभाव वेगळे, कामं वेगळी, पण चूल एक. एकीला बाहेर काढायला गेलं की दुसरीचा संसार हलल्याशिवाय राहत नाही. हे नातं औषध बनवणाऱ्यांना पुन्हा पुन्हा भेटत गेलं, आणि दर वेळी त्याची किंमत औषध घेणाऱ्यांनी मोजली.

हे नातं चांगल्या अर्थानेही दिसलं आहे. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना आयसोनियाझिड आणि इप्रोनियाझिड ही दोन नवी औषधं देऊन पाहिली गेली. आयसोनियाझिड आजही टीबीच्या उपचारात आहे. महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेली ही माणसं औषधाने जेवायला लागली, त्यांचं वजन वाढलं, आणि ती वॉर्डात हसू-नाचू लागली. त्यांच्या नाचाची छायाचित्रं तेव्हा वर्तमानपत्रांत झळकली. डॉक्टरांच्या लक्षात आलं की यांतलं इप्रोनियाझिड मनावरही काम करतं. १९५७ मध्ये ते उदासीच्या रुग्णांना दिलं गेलं, आणि नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी एक म्हणून त्याचं नाव झालं. भूक आणि मन तिथे हात धरून वर आले होते.

आता उलटी बाजू. वजन उतरवताना मनाचं काय होतं? कोणतंही औषध न देता नुसतं अन्न कमी केलं तरी काय होतं, हे दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात पाहिलं गेलं. युरोपात लाखो लोक उपाशी होते. त्यांना पुन्हा अन्नावर आणायचं कसं, हे शिकण्यासाठी ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञांनी ३६ धडधाकट तरुण निवडले. हे तरुण तत्त्व म्हणून बंदूक हाती घ्यायला नकार दिलेले होते आणि स्वखुशीने प्रयोगात आले होते. १९४५ मध्ये चोवीस आठवडे त्यांना दिवसाला सुमारे १,५७० कॅलरी एवढंच अन्न मिळालं : बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. त्यांचं वजन जवळजवळ चौथ्या हिश्श्याने घटलं.

पण वजनापेक्षा जास्त बदललं ते त्यांचं मन. आनंदी पोरं चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली. कशात रस उरला नाही. दिवसभर डोक्यात अन्नच. स्वयंपाकाची पुस्तकं वाचत बसायचं, ताटली चाटून पुसून काढायची, एकेक घास तासभर घोळवायचा. एकाने तर लाकूड फोडताना कुऱ्हाडीने स्वतःची तीन बोटं तोडली, आणि ते अपघाताने झालं की मुद्दाम, हे त्याला स्वतःलाही नीट सांगता येईना. पुन्हा पोटभर जेवण सुरू झाल्यावरही मन लगेच जाग्यावर आलं नाही. या सगळ्याचा दोन खंडांचा ग्रंथ १९५० मध्ये निघाला.

ही मुलं मुळात सडपातळ होती, त्यामुळे जाड माणसाला हे सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. पण १,५७० हा आकडा लक्षात ठेवा. मोबाइलवर फिरणारे कितीतरी ‘डाएट प्लॅन’ याहून कमी अन्नाचे असतात. आपल्या उपासाला ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणून हसतात ते एका परीने बरंच आहे. पण महिनोन्‌महिने खरोखर अर्धपोटी राहिलेल्या बाईची चिडचिड ‘तिचा स्वभावच तसा’ म्हणून सोडून देऊ नये. ती भुकेच्या मेंदूची चिडचिड असू शकते.

आता औषधांकडे येऊ. सुरुवात होते ॲम्फेटामीन या रसायनापासून. १९३० च्या दशकात ते अमेरिकेत ‘बेन्झेड्रिन’ या नावाने विकायला आलं, आधी चोंदलेल्या नाकासाठी हुंगायला आणि नंतर गोळीच्या रूपात. १९३६ च्या सुमारास काही डॉक्टर ते उदासीवर देऊ लागले. मन उल्हसित व्हायचं, थकवा जायचा. त्याबरोबर आणखी एक गोष्ट दिसली : रुग्णांची भूक मरायची. झालं! मनाचं औषध बघता बघता वजनाचं औषध झालं. १९५० मध्ये त्यात झोपेचं औषध मिसळून ‘डेक्सामिल’ नावाची गोळी आली. एकाच गोळीत उल्हास, शांतता आणि बारीक कंबर. तिची गिऱ्हाईकं होती घरात राबणाऱ्या बायका. घरकामाने दमलेली, कंटाळलेली, बाळंतपणानंतर अंग सुटलेली बाई जाहिरातीत दिसायची. तिच्या कामाला वाटेकरी कोण, हे कुणी विचारत नव्हतं. तिला गोळी देणं सोपं होतं.

१९६२ मध्ये अमेरिकेत या गोळ्यांचं उत्पादन इतकं होतं की लहान-मोठे धरून माणशी वर्षाला सुमारे ४३ गोळ्या वाट्याला याव्यात. काही डॉक्टरांनी वजन उतरवण्याची दुकानंच थाटली होती. तिथे रंगीबेरंगी गोळ्या पुडीत घालून मिळत. १९६८ मध्ये ‘लाइफ’ मासिकाची एक सडपातळ महिला पत्रकार अशा दहा डॉक्टरांकडे गेली. कुणीही तिला ‘बाई, तुला गरज नाही’ म्हटलं नाही. ती परतली १,४७९ गोळ्या घेऊन.

तोवर त्या गोळ्या मनाशी काय करतात ते कळून चुकलं होतं. झोप उडते, छातीत धडधडतं. गोळी थांबली की मन खोल दरीत पडल्यासारखं होतं, म्हणून पुन्हा गोळी. १९५८ मध्ये लंडनच्या फिलिप कॉनेल या मानसोपचारतज्ज्ञाने अशा ४२ रुग्णांची नोंद केली. त्यांना आपला कुणी पाठलाग करतंय, आपल्यावर कुणी टपलंय असे भ्रम होत होते. १९७० नंतर अमेरिकेने कायदा कडक केला आणि तो बाजार ओसरला.

मग दुसरी वाट शोधली गेली. मेंदूत निरोप पोचवणारी अनेक रसायनं असतात. ॲम्फेटामीन ज्यांच्या जोरावर काम करायचं त्यांत डोपामाइन मुख्य. आता सेरोटोनिन नावाच्या दुसऱ्या रसायनाकडे लक्ष गेलं. पोट भरल्याची जाणीव, मनाचं स्वास्थ्य आणि झोप या सगळ्यांत त्याचा हात असतो. ते वाढवणारं फेनफ्लुरामीन हे औषध १९७३ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. ते एकदम बंद केलं की मन खाली जातं हे डॉक्टरांनी त्याच दशकात नोंदवलं होतं. १९९० च्या दशकात ते दुसऱ्या एका औषधाबरोबर लाखो लोकांनी घेतलं, आणि १९९७ मध्ये त्याने हृदयाच्या झडपा खराब होतात हे उघड झाल्यावर ते मागे घ्यावं लागलं.

त्याच १९९७ साली सिब्युट्रामीन हे औषध अमेरिकेत मान्य झालं. मुळात ते इंग्लंडमध्ये नैराश्यावरचं औषध म्हणून तयार केलं होतं. त्या कामी ते उपयोगी पडलं नाही, पण घेणाऱ्यांचं वजन उतरलं, म्हणून त्याची वाट बदलली. पुन्हा तीच गोष्ट : दोघी जावांचं एकच दार. पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका दिसल्यावर २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत आणि २०११ मध्ये भारतात ते बंद झालं. पण मैत्रिणींनो, ते संपलेलं नाही. ‘हर्बल’, ‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या कॅप्सूलमध्ये चोरून मिसळलेलं सिब्युट्रामीन अनेक देशांच्या औषध तपासणीत वारंवार सापडलं आहे. पुडीवर पानाचं चित्र आहे म्हणून आत पानच असेल असं नाही.

आता या इतिहासातली आमच्या मते सर्वांत मोठी गोष्ट. तिची सुरुवात होते भांगेपासून.

भांग घेतली की हसू येतं आणि खा-खा सुटते, हे आपल्याकडे होळी-महाशिवरात्रीला कुणीही सांगेल. असं का होतं? १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्या झाडातलं मुख्य रसायन वेगळं काढलं. १९८८ मध्ये मेंदूत त्याचं ‘कुलूप’ सापडलं, म्हणजे ते रसायन जिथे जाऊन बसतं ती जागा. मग प्रश्न आला, झाडाच्या किल्लीसाठी आपल्या मेंदूत कुलूप कशाला? आपल्या शरीराची स्वतःचीही किल्ली असली पाहिजे. १९९२ मध्ये ती सापडली. शोधणाऱ्यांनी तिला नाव दिलं ‘आनंदामाइड’. त्यातला ‘आनंद’ हा संस्कृतातला, आपल्या रोजच्या बोलण्यातला आनंदच. आपल्या प्रत्येकीच्या मेंदूत आनंद नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो जेवणाची गोडीही वाढवतो.

त्या शोधाकडे बघून एका मोठ्या फ्रेंच औषध कंपनीने उलटा हिशेब केला. भांग त्या कुलपात बसली की भूक वाढते, तर ते कुलूपच बंद केलं की भूक कमी होईल. असं औषध तयार झालं : रिमोनाबँट. हिशेब बरोबर होता. जून २००६ मध्ये ते युरोपात मान्य झालं. मोठा गाजावाजा झाला. वजनच नव्हे, पोटाचा घेरही कमी होतो, सिगारेटही सुटेल असं बोललं गेलं. काही काळात भारतातही ते मिळू लागलं.

पण ते कुलूप फक्त भुकेच्या खोलीला नव्हतं. मेंदूत ते जागोजागी आहे. भीती शांत करणाऱ्या भागात आहे, एखादी गोष्ट गोड वाटते त्या भागात आहे. जेवणाची गोडी बंद केली तेव्हा नातवाच्या हसण्याची, गाण्याची, सकाळच्या उन्हाची गोडीही त्याच दारातून येत होती. काही माणसांच्या मेंदूत ती सगळीच कमी झाली.

२००७ च्या नोव्हेंबरमध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी चार मोठ्या चाचण्यांचे आकडे एकत्र करून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत छापले. एकूण ४,१०५ माणसं. रिमोनाबँट घेणाऱ्यांचं वजन, खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा वर्षभरात सरासरी ४.७ किलो जास्त उतरलं होतं. पण उदासीमुळे औषध सोडावं लागण्याचं प्रमाण त्यांच्यात अडीचपट होतं, आणि चिंता-घालमेलीमुळे सोडण्याचं तिप्पट.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. या चाचण्यांत ज्यांना आधीपासून नैराश्य होतं अशा माणसांना घेतलंच नव्हतं. म्हणजे ज्यांचं मन धडधाकट मानलं होतं त्यांच्यात हे आकडे निघाले. चाचणीत हे चालतं, पण बाजारात औषध आलं की ते कोण घेणार? २०१० मध्ये पंधरा अभ्यासांतल्या ५८ हजारांहून अधिक माणसांच्या माहितीवरून असं दिसलं की लठ्ठ माणसाला पुढे नैराश्य येण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५५ टक्के जास्त असते, आणि नैराश्य असलेल्याला पुढे लठ्ठपणा येण्याची सुमारे ५८ टक्के जास्त. थोडक्यात, वजनाच्या औषधाच्या रांगेत उदास माणसं जास्तच असणार. ज्यांना चाचणीच्या दाराबाहेर ठेवलं, तीच माणसं दुकानाच्या दारात सर्वांत आधी उभी राहणार. आणि त्या चाचण्यांत भाग घेणाऱ्यांत बायकाच जास्त होत्या, तेव्हा दुकानाच्या दारातही त्याच जास्त असणार हे सांगायला नको.

अमेरिकेच्या औषध नियंत्रकांच्या सल्लागार समितीने हे ओळखलं. जून २००७ मध्ये समितीतल्या सगळ्यांनी एकमताने औषधाच्या विरोधात मत दिलं, आणि अमेरिकेत ते विक्रीला आलंच नाही. युरोपने ऑक्टोबर २००८ मध्ये विक्री थांबवायला सांगितलं. तेव्हा जवळजवळ १९ हजार माणसांवर एक मोठी चाचणी चालू होती, तीही मध्येच थांबवली. तिचे आकडे २०१० मध्ये छापले गेले : औषध घेणाऱ्या गटात चार जणांनी आत्महत्या केली होती, खोटी गोळी घेणाऱ्या गटात एकाने. भारत सरकारने २००९ मध्ये रिमोनाबँटवर बंदी घातली. तशीच औषधं तयार करणाऱ्या इतर मोठ्या कंपन्यांनीही २००८ मध्येच आपलं काम गुंडाळलं.

साडेचार-पाच किलोंसाठी ही किंमत फार होती. आणि ती किंमत वजनकाट्यावर दिसत नव्हती, हे आम्हाला जास्त टोचतं. काटा खाली येत असताना घरातले म्हणणार, ‘वा, छान बारीक झालीस!’ आणि त्याच वेळी ती बाई आतून विझत असेल, तर कोण ओळखणार? तीही स्वतःलाच दोष देणार, की वजन उतरलं तरी आपल्याला आनंद का होत नाही. ते औषधामुळे असू शकतं हे तिला कुणी सांगितलं नाही, तर तिला कळायचं कसं?

हा विषय पुरता मिटलेला नाही. मेंदूत कमी शिरेल असं बेतलेलं त्याच जातीचं एक नवं औषध काही वर्षं तपासलं जात आहे. २०२४ मध्ये त्याचे आकडे आले तेव्हा वजन उतरलं होतं, पण घालमेल, चिडचिड, झोप बिघडणं या तक्रारीही पुन्हा दिसल्या होत्या.

आता सध्या ज्याची चर्चा आहे त्या इंजेक्शनांकडे वळू. यांची वाट वेगळी आहे. जेवल्यावर आपल्या आतड्यात एक संप्रेरक तयार होतं, ‘जीएलपी-१’. ते इन्सुलिनला मदत करतं आणि मेंदूला कळवतं की पोट भरलं. हे संप्रेरक शरीरात फार थोडा वेळ टिकतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या डॉ. जॉन एंग यांना अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला मॉन्स्टर या घोरपडीसारख्या विषारी प्राण्याच्या लाळेत तसंच, पण जास्त टिकणारं द्रव्य सापडलं. त्यावरून २००५ मध्ये मधुमेहाचं औषध आलं. त्यानंतर त्याच प्रकारे काम करणारं सेमाग्लुटाइड आलं, आणि २०२१ मध्ये ते अमेरिकेत खास वजनासाठी मान्य झालं. त्याच्या जवळचं टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतात विक्रीला आलं.

ही औषधंही मेंदूवर काम करतात. घेणारे अनेकजण सांगतात की डोक्यात सतत चालणारा खाण्याचा गलका थांबतो. मग मनाचं काय? जुलै २०२३ मध्ये युरोपच्या औषध नियंत्रकांनी तपासणी सुरू केली, कारण ही औषधं घेणाऱ्या काहींच्या मनात स्वतःला इजा करण्याचे विचार आल्याच्या नोंदी झाल्या होत्या. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी निष्कर्ष दिला की औषधामुळे हे विचार येतात असा पुरावा मिळत नाही. अमेरिकेच्या नियंत्रकांनीही जानेवारी २०२४ मध्ये तसंच सांगितलं. ही चांगली बातमी आहे, आणि ती सांगितली पाहिजे. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांच्या गुडघ्यांना, हृदयाला वजनाचा भार झेपत नाही, त्यांना या औषधांचा मोठा आधार होऊ शकतो. वजन उतरल्यावर चालणं-फिरणं वाढतं, दुखणं कमी होतं आणि अनेकांचं मनही सुधारतं.

पण इतिहास वाचलेल्या बाईने एक गोष्ट विसरू नये. सेमाग्लुटाइडच्या वजनासाठीच्या मोठ्या चाचण्यांतही, ज्यांना मागच्या दोन वर्षांत गंभीर नैराश्य होतं अशांना घेतलं नव्हतं. त्यामुळे ज्या बाईला असा त्रास होऊन गेला आहे, तिने डॉक्टरांना तो आधी सांगितलाच पाहिजे. यात घाबरण्यासारखं काही नाही. डॉक्टर लक्ष ठेवतील एवढंच.

मग आपण काय करायचं? आमच्या गटांत आम्ही काही साध्या गोष्टी ठरवल्या आहेत, त्या तुम्हालाही सांगतो.

पहिली गोष्ट, वजन वाढतंय आणि मनही उदास आहे, अशी दोन्ही लक्षणं एकत्र असतील तर आधी डॉक्टरांना विचारून रक्तात थायरॉइड तपासून घ्यावं. थायरॉइड कमी पडलं तर दोन्ही होतं, आणि त्यावर उपचार आहे. नैराश्याच्या किंवा इतर मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनीही वजन वाढतं. पण म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. डॉक्टरांना सांगून बदलून घेता येतात.

दुसरी गोष्ट, पुडीवर घटक लिहिलेले नाहीत, औषधाची चिठ्ठी लागत नाही आणि ‘आठ दिवसांत फरक’ असं सांगितलं जातं, तर ती पुडी घेऊ नये. इंजेक्शन तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, मैत्रिणीच्या उरलेल्या पेनातून, कधीच नाही.

तिसरी, उपचार सुरू करण्याआधी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : याने माझ्या झोपेवर आणि मनावर काय परिणाम होईल? मला किंवा माझ्या घरात कुणाला नैराश्य झालं असेल तर हे चालेल का? बंद करताना एकदम बंद करायचं की हळूहळू?

चौथी, घरातल्या एका माणसाला विश्वासात घ्यावं. नवरा असेल, जाऊ असेल, गटातली मैत्रीण असेल. तिला सांगावं, ‘मी हा उपचार घेतेय. मी फार गप्प झाले, रडू लागले, चिडू लागले, कशातच गोडी वाटेनाशी झाली, तर मला सांग.’ आपण आतून बदलतो तेव्हा आपल्या आधी शेजारणीला दिसतं.

आणि जगणं नको असे विचार कधी आले, औषधामुळे असो की कशामुळेही, तर वाट बघू नये. जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना लगेच सांगावं. सरकारची ‘टेली मानस’ ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं.

मैत्रिणींनो, वजन कमी करावं की नाही हा ज्याच्या त्याच्या तब्येतीचा प्रश्न आहे, आणि त्यात कुणी कुणाला लाजवू नये. या सगळ्या इतिहासात औषधं फसली ती बहुतेक किलो मोजण्यात नव्हे. ते काम त्यांनी केलं. फसलं ते माणसाला विचारणं : बाई, तुला बरं वाटतंय का? हा प्रश्न विचारायला प्रयोगशाळा लागत नाही. पुढच्या बैठकीत वजनाचा विषय निघाला की आपल्यातल्या एकीने तरी तो विचारावा.